कारखाना तिकडे, चाळ इकडे

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले गाव. कापडगिरणीच्या भोंग्यावर इथले दिवस कधी चालले नाहीत आणि गिरणीमालकाने बांधलेली चाळही इथे शोधून सापडणार नाही. तरीही महाराष्ट्रातील कामगारवस्तीचा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल, तर तो केजसारख्या तालुक्यातून आणि युसूफ वडगावसारख्या गावाच्या बाजूने पाहायला हवा, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. आपल्याकडे कामगारवस्तीचा अभ्यास कारखान्याच्या फाटकापासून सुरू होतो आणि फाटकाभोवतीच्या भिंती मोजून संपतो. कापडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी चालून जाते. साखरेच्या बाबतीत मात्र चालत नाही. साखर कारखान्याला दरवर्षी लागणाऱ्या मजुरांपैकी सर्वांत मोठ्या वर्गाची घरे कारखान्याजवळ नाहीतच. ती शे-दोनशे, प्रसंगी तीनशे-चारशे किलोमीटर दूर, बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यात आहेत. ऊसतोड कामगाराची चाळ म्हणजे त्याचे गाव, आणि तिचा खर्च गावानेच उचललेला आहे. एवढेच एक विधान इथे तपशिलाने मांडायचे आहे.

आधी ज्या वस्तीला सगळे कामगारवस्ती म्हणतात ती पाहू. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावरांनी काढली, आणि पुढच्या चार-पाच दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. माणसे आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. गिरण्यांनी त्यांना काम दिले, घर मात्र फारसे दिले नाही. खाजगी घरमालकांनी चाळी उठवल्या, एकेका गाळ्यात एका गावचे वीस-पंचवीस गडी राहू लागले. पाळीप्रमाणे झोप, खानावळीत जेवण आणि पेटी ठेवायला भिंतीकडेची हातभर जागा, असा तो संसार. १८९६ च्या प्लेगने या दाटीवाटीची किंमत शहराला दाखवली, तेव्हा कुठे १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, डेव्हलपमेंट खाते निघाले. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांनी बीडीडी चाळी आजही ओळखल्या जातात. बेत ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. सुरुवातीच्या काळात यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या. भाडे कामगाराला परवडत नव्हते आणि काँक्रीटच्या त्या अंधाऱ्या खोल्यांची त्याला ओढही नव्हती. पुढे त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या.

या बांधकामातली एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. चाळींसाठीच्या पैशाचा काही भाग शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवून उभा केला होता. म्हणजे कच्च्या मालावर कामगाराच्या घराचा बोजा टाकता येतो, हे शंभर वर्षांपूर्वी सरकारने मान्य केले होते. हेतू निव्वळ दयेचा नव्हता. युद्धानंतरची महागाई, संप आणि रोगराई यांची धास्ती त्यामागे होती. पण धास्तीपोटी का होईना, घर हा उत्पादनखर्चाचा भाग आहे हे हिशेबात उतरले. दुसरी गोष्ट अशी की खोली एकदा कामगाराच्या नावावर लागली की ती नोकरीपासून सुटी झाली. गिरणी बंद पडली तरी भाडेकरू राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप अडीच लाखांच्या आसपास कामगारांनी इतका काळ रेटला, त्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक असे की संपकऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर मालकाच्या हातात नव्हते. शिवाय मागे गावाकडचे घर होते आणि तिथून तांदूळ येत होता. गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे आले, आणि तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ बीडीडी रहिवाशांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. १६० चौरस फुटांची ती जुनी खोली नातवंडांच्या हक्काचा आधार ठरली.

आता साखरेकडे वळू. १९२० च्या सुमारास बेलापूर कंपनीने हरेगावला ऊस आणि साखर यांचा पसारा मांडला. १९३२ साली साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि त्या दशकात माळीनगर, वालचंदनगर अशी कारखान्याभोवती वसलेली नवी गावे उभी राहिली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या हंगामात चालू झाला आणि त्या वाटेने निम्मा महाराष्ट्र चालला. या कारखान्यांना वस्ती वसवायची कळत नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. कोणत्याही जुन्या कारखान्यावर जा. कॉलनी आहे, अधिकाऱ्यांचे बंगले आहेत, कायम कामगारांच्या खोल्यांच्या ओळी आहेत, शाळा, दवाखाना, पतपेढी, देऊळ आहे. बॉयलरवरचा, पॅनवरचा, वजनकाट्यावरचा माणूस कारखान्याचा, म्हणून त्याला क्वार्टर. ज्याच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत एक मोळी पडणार नाही तो मात्र मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराचा, माणूस. त्याला गाडीतळ.

गाडीतळावरची, म्हणजे कारखान्याच्या बैलगाडी-तळावरची, कोपी कशी असते हे लिहून ठेवणे जरूर आहे, कारण तिचा नकाशा कुठल्याही कार्यालयात नसतो. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याकडून किंवा मुकादमाकडून थोडे बांबू आणि चटया मिळतात. कमी पडेल ते ज्याचे त्याने आणायचे. दोन बाजूंना बांबू रोवून वर आडवा बांबू बांधायचा, दोन्हीकडून चटया उतरत्या सोडायच्या, वर उसाचे पाचट अंथरायचे आणि अवकाळीच्या भीतीने प्लॅस्टिकचा कागद ओढून दोरीने आवळायचा. आत शिरताना वाकावे लागते. दाराच्या जागी जुने लुगडे किंवा पोते. जमीन शेणाने सारवलेली, एका अंगाला गाठोडी, धान्याचा डबा आणि पत्र्याची पेटी. चूल बाहेर, कारण आत पेटवली तर पाचट धरते. कोप्या पेटल्याच्या बातम्या तरीही हंगामात येतात. पलीकडे बैल, त्यांच्यापुढे वाढे. बाई पहाटे तीन-चारला उठते, अंधारातच भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडावर असते. हंगाम संपून पट्टा पडला की कोपी मोडायची, बांबू-चटया परत करायच्या किंवा गाडीत टाकायच्या आणि गाव गाठायचे. दोन पावसांत त्या जागेवर कोणी राहिले होते याची खूणही उरत नाही.

म्हणजे एकाच फाटकाशी दोन प्रकारची घरे आहेत. हा फरक कामाच्या महत्त्वाने किंवा कौशल्याने ठरलेला नाही, कारण ऊस बुडख्याशी तोडून, साळून, मोळी बांधून ती गाडीवर चढवणे हे हलक्या हाताचे काम नव्हे. फरक ठरवला तो मालकाला माणूस किती महिने हवा आहे, या एका गोष्टीने. बाराही महिने लागणाऱ्याला भिंत मिळाली आणि हंगामापुरत्या लागणाऱ्याला चटई. उरलेले महिने हा माणूस जगतो कुठे, त्याची म्हातारी माणसे कोण सांभाळतो, पुढच्या पिढीचा कोयता कुठे वाढतो, हे प्रश्न कारखान्याच्या ताळेबंदात कधी आलेच नाहीत, कारण ते युसूफ वडगावच्या बाजूच्या गावांनी सोडवून ठेवले होते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मागे राहतात आजी-आजोबा, शाळेतली काही मुले आणि कुलूप लागलेली घरे. त्या घरांचा पैसा कुठून आला हेही पाहण्याजोगे आहे. काही घरे उचलीतून झाली, म्हणजे पुढच्या हंगामाची मेहनत आधीच गहाण टाकून. काही घरकुल योजनेतून झाली. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा हे त्या योजनेचे माप. एका घरासाठी उचल ही साखळी, दुसऱ्यासाठी करदात्याचा पैसा. ऊस गाळणाऱ्याचा वाटा दोन्हींत कुठे दिसत नाही. गावचे हे घरच त्या कामगाराचे खरे क्वार्टर, आणि ते कारखान्याला फुकट पडले आहे.

केज तालुक्यापुरते बोलायचे तर इथे एक गोष्ट विशेष जाणवते. धनेगावला मांजरा धरण झाले, त्याच्या पाण्यावर ऊस आला, जिल्ह्यात अंबासाखरपासून पुढे कारखानेही निघाले. तरी इथली माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात तोडीला जातातच. जवळ ऊस असताना लांब का जायचे, याचे उत्तर उचलीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि त्या कोयत्यावर हंगामाआधी एकरकमी पैसे द्यायचे, अशी ही रीत आहे. ज्या मुकादमाकडून रक्कम घेतली त्याच्या कारखान्यावर जाणे भाग असते. लग्न, दवाखाना, बी-बियाणे आणि घराचे पत्रे या खर्चांना दुसरे कोणी कर्ज देत नाही तोवर हे चालणार. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेवर माणसांची मोठी लाट लोटली हे खरे. पण दुष्काळ सरला, पाणी आले, तरी वाट मोडली नाही, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

घर नसण्याची किंमत बाईच्या वाट्याला अधिक येते. कोपीला कडी नाही, तळावर संडास नाही किंवा असला तरी पुरेसा नाही, पाणी लांबून आणायचे आणि पाळीच्या दिवसांतही मोळी वाहायची, कारण खाडा केला तर दंड. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातली जी पाहणी आली तिच्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याला केवळ घर जबाबदार आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. खाजगी दवाखान्यांची वृत्ती, लवकरची लग्ने, अज्ञान, खाड्याचा धाक असे सगळे त्यात मिसळले आहे. परंतु यातल्या प्रत्येक कारणाचा धागा राहण्याच्या जागेपाशी येऊन मिळतो. वयात आलेली मुलगी कोपीवर न्यावी तर आडोसा नाही आणि गावी ठेवावी तर सोबत नाही, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी दर शंभरात चाळिसाहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली. कामगारवस्तीच्या इतिहासात चौरस फूट मोजतात. बंद होणारे दार हे त्याच्याही आधीचे माप आहे, ते इथे कळते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. गिरणी कामगार कायमचा होता, ऊसतोड्या हंगामी आहे, हंगामी माणसाला घर कुठून द्यायचे? आक्षेप रास्त वाटतो, पण आपल्याच कायद्याने तो निकालात काढला आहे. बांधकाम मजूर हंगामीपेक्षाही फिरता. इमारत झाली की तो दुसरीकडे. तरी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने त्याला कामाच्या जागी मोफत तात्पुरता निवारा, आणि त्यात स्वयंपाकाची, अंघोळीची, धुण्याची व शौचाची स्वतंत्र सोय देणे मालकावर बंधनकारक केले. काम संपल्यावर तो निवारा काढून घेण्याची तरतूदही त्यातच होती. म्हणजे घर तात्पुरते असू शकते आणि तरीही माणसाला शोभेल असे असू शकते. चहा-कॉफीच्या मळ्यांवरच्या मजुरांसाठी १९५१ पासून घरांची सक्ती आहे. १९७९ च्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कंत्राटदारामार्फत नेलेल्या मजुराला राहण्याची योग्य जागा द्यायला सांगितले. त्यातून असा प्रकार झाला की केजचा मजूर बेळगाव जिल्ह्यात तोडीला गेला तर कागदावर निवाऱ्याचा धनी ठरे आणि त्याचा भाऊ कोल्हापुरात गेला तर नाही. शिवाय हंगामी आहे तो माणूस. कारखाना तिथेच आहे, गाडीतळ तिथेच आहे, कार्तिकात कोप्या पडणार हे पन्नास वर्षे ठरलेले आहे. इतकी नेमाने येणारी गरज तात्पुरती म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. बैलगाडीवाले कारखान्याच्या तळावर राहतात, पण ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या उसामागे फिरतात. आज या गावच्या शिवारात, महिन्याने दुसऱ्या. कारखान्यावर पक्क्या खोल्या बांधल्या तर त्यांना त्यांचा उपयोग काय? खरेच, फारसा नाही. फिरत्या टोळीला उचलून नेता येणारा सांगाडा, फिरते संडास आणि पाण्याचा टँकर हेच योग्य. याचा अर्थ एवढाच की घराचा आकार कामाच्या रीतीने ठरावा. घर द्यायचेच नाही, हा त्याचा अर्थ होत नाही. जी टोळी तळावर पाच महिने हलत नाही तिच्यासाठी ओटा, नळ, दिवा आणि पत्र्याची खोली यांना अडचण कोणती, याचे उत्तर फिरत्या टोळीकडे बोट दाखवून देता येणार नाही.

तिसरी शंका कामगारांच्या बाजूने विचार करणारेच घेतात. मालकाने दिलेले घर म्हणजे मालकाचा पहारा, ते न मिळालेलेच बरे. ही शंका हलकी नाही. सोलापूरच्या गिरण्यांचा इतिहास तिला पुरावा देतो. ब्रिटिश सरकारने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये, ठेवले आणि तिथून गिरण्यांना हात पुरवले. हजेरी दिल्याशिवाय हलायचे नाही, असे ते घर होते. तेव्हा छप्पर आणि मोकळीक यांचा सौदा होऊ शकतो, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. मात्र मोकळिकीच्या नावाने कोपीचे समर्थन करता येत नाही, कारण उचलीने बांधलेला माणूस कोपीतही मोकळा नाही. बीडीडीच्या खोलीने रस्ता दाखवला आहे. पैसा उद्योगाचा, बांधकाम सार्वजनिक, आणि ताबा ना मालकाचा ना मुकादमाचा.

वारसा जपणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडमध्ये टायटस सॉल्टने १८५१ पासून वसवलेले सॉल्टेअर हे दगडी घरांचे गिरणीगाव २००१ साली जागतिक वारसा ठरले. मुंबईतही एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखावी असा विचार झाला. कोपीचे काय राखणार? राखायला काही नाही हे बरोबर. पण जे दगडात उरते त्यालाच वारसा म्हणायचे ठरले, तर ज्यांना दगड मिळाला नाही त्यांचा इतिहासही नाही असे होईल. कोपीची मापे घेता येतात, ती बांधणाऱ्या बाईकडून रीत लिहून घेता येते, गाडीतळांचे नकाशे काढता येतात, उचलीच्या वह्या जपता येतात. आणि गावाकडच्या घराचा दाखला त्याला जोडता येतो. कोणती खोली कोणत्या हंगामाच्या पैशात झाली हे म्हाताऱ्या माणसांना वर्षांनिशी आठवते. गरिबीचे कौतुक होईल या भीतीने ही नोंद टाळणे मला पटत नाही. पाचटाच्या चार सुंदर छायाचित्रांनी कौतुक होते. मापांनी आणि हिशेबाने होत नाही.

तोडणीयंत्र येत आहे, मग हा प्रश्न आपोआप मिटेल, असेही म्हणतात. यंत्राला रुंद सऱ्या आणि मोठी रानं लागतात. एक-दोन एकरांच्या तुकड्यांत कोयता अजून बराच काळ लागणार. आणि दरम्यानचे हंगाम कोणाच्या तरी आयुष्यातले पूर्ण हंगाम आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती चांगलीच गोष्ट, पण वाटाघाटी टनाच्या दराभोवती आणि मुकादमाच्या कमिशनभोवती फिरतात, तळावरच्या नळापर्यंत क्वचितच पोचतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने निघालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले आहे. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. वसतिगृह मुलाला शाळेत ठेवते, आणि ते हवेच. आईबापांच्या निवाऱ्याचा मात्र त्यात उल्लेख नाही. गाठीमागच्या १ रुपयातून चाळीसाठी पैसा उभा राहिला, तर टनामागच्या पैशातून ओटा, पाणी, संडास आणि कडी असलेली खोली उभी राहायला हरकत नसावी. सक्ती करण्याची जागाही आहे. पुण्याचे साखर आयुक्त दर हंगामाला प्रत्येक कारखान्याला गाळप परवाना देतात आणि तो देण्याआधी शेतकऱ्यांची देणी भागली का ते पाहतात. त्याच अर्जात गाडीतळावर किती कोयते राहणार आणि त्यांच्यासाठी कोणती सोय केली आहे, हा एक रकाना घालता येईल, आणि तो रिकामा असेल तर परवाना अडवता येईल.